उकंडरावांचे पालक

करडखेडच्या तरुण मंडळात वयानं सगळ्यात लहान सभासद होते उकंडराव. त्यांचे खालचे दात सगळे गेले होते आणि वरचे दोन-चार पाहुण्यासारखे टेकलेले होते. घरात नातवंडं होती. पण मंडळातले बाकीचे त्यांच्याहून मोठे, म्हणून खेळताना नाल्यात गेलेला चेंडू आणायला त्यांनाच पळावं लागायचं.

हे कसं झालं ते सांगतो. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. खामगावच्या प्रभात लोककल्याण संस्थेनं बुलढाण्याकडच्या धाड गावाच्या आसपासची काही खेडी कामासाठी निवडली. काम दोन प्रकारचं होतं. बायांसाठी कुटुंब स्वास्थ्याचा वर्ग आणि पोरांसाठी तरुण मंडळ. करडखेडला संस्थेच्या सिंधूताई आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, नऊवारीखाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. ते बूट पाहायलाच पहिल्या दिवशी अर्धं गाव जमलं.

बायांचा वर्ग लगेच भरला. तरुणांचं मात्र जमेना. दिवस कापसाचे होते. गावातली तरणी पोरं खामगावला जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला गेली होती, ती आता होळीच्या आसपासच परतणार होती. मागे राहिलेले एक तर पाळण्यात होते, नाहीतर चावडीच्या ओट्यावर. मधले जे चार-दोन कारभारी होते त्यांना शेतातून मान वर करायला फुरसत नव्हती.

सिंधूताई ओट्यापाशी आल्या आणि काकुळतीनं म्हणाल्या, "अहो, या गावात तरुण म्हणून कोणी नाहीच का?"

ओट्यावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग उकंडराव म्हणाले, "मी व्हतो ना बाई. पन मले कोनी सांगतलंच नाई."

सगळे हसले. उकंडराव मात्र हसले नाहीत. ते खरंच सांगत होते. त्यांचं लग्न लागलं तेव्हा ते बायकोच्या, वच्छलाबाईच्या, खांद्याएवढे होते, आणि बाप वारला तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. सकाळी गोट्या खेळत होते, संध्याकाळी कारभारी झाले. मधला काळ त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

सिंधूताई खामगावला गेल्या आणि संस्थेचे शेषराव यांच्यापुढे त्यांनी अडचण मांडली. शेषराव पंचाहत्तरी ओलांडलेले. संस्था निघाली त्या दिवसापासून तिच्या तरुण शाखेचे प्रमुख तेच होते, आणि ती जागा सोडायचा त्यांचा विचार नव्हता.

"आपल्या घटनेत वयाची अट आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण तरुण म्हटल्यावर..."

"मी कोण आहे?"

"तरुण शाखेचे प्रमुख."

"मग?" शेषराव म्हणाले, आणि त्यांनी काठी शोधायला सुरुवात केली.

अशा रीतीनं सिंधूताई परतल्या ते व्हॉलीबॉल, जाळी, लेझमी, दुधाच्या भुकटीची पोती आणि खाकी अर्ध्या चड्ड्यांचं गाठोडं घेऊनच. चावडीवरची सगळी म्हातारी मंडळी तरुण झाली. त्यात उकंडरावांचा लहानपणापासूनचा दोस्त फकीर मोहम्मदही होता. तो पिंजारी. गाद्या-रजयांचा कापूस पिंजून पिंजून त्याचे दंड अजून कसलेले होते, त्यामुळे त्यानं मारलेला चेंडू गावात राहत नसे.

अर्ध्या चड्डीला उकंडराव आधी लाजले. मग तिला दोन्ही बाजूंनी खिसे असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. धोतराला खिसा नसतो. त्यांनी दोन्ही हात खिशात घालून गल्लीतून एक चक्कर मारली, आणि तेव्हापासून ते हात बाहेर निघेनात.

पहिल्या सभेत शपथ झाली. शिक्षण पुरं झाल्याशिवाय लग्न करणार नाही, हुंडा घेणार नाही, वाईट संगत धरणार नाही. सगळ्यांनी बोळक्या तोंडांनी ती खणखणीत म्हटली. फकीर मोहम्मदनं हात वर केला.

"ताई, पन जे लगन होऊन गेलं त्याचं काय?"

सिंधूताईंनी विचार केला. "ते चालू द्या," त्या म्हणाल्या.

"आन वाईट संगतीचं?" उकंडरावांनी विचारलं.

"तुम्हाला कोणाची आहे?"

उकंडरावांनी फकीर मोहम्मदकडे बोट केलं. फकीर मोहम्मदनं उकंडरावांकडे केलं. तेही चालू ठेवायचं ठरलं.

महिन्याच्या शेवटी पालक सभा असे. संस्थेचा नियमच होता, प्रत्येक तरुणाच्या घरातून पालकानं यायला पाहिजे. उकंडरावांचे आईबाप जाऊन जमाना झाला होता. तेव्हा घर चालवतो तो पालक, असा सिंधूताईंनी अर्थ लावला आणि उकंडरावांच्या मुलाला, किसनरावला, बोलावणं गेलं.

किसनराव तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. तो बापाला इतका भ्यायचा की दाढी करायला न्हाव्याकडे जायचं तरी विचारून जायचा. तो सभेत दाराशीच टेकला.

"किसनराव, पुढे या," सिंधूताई म्हणाल्या. "तुमचे वडील खेळात चांगले आहेत. पण हरले की शिव्या देतात. परवा जाळी फाडली. घरी वातावरण कसं आहे?"

किसनराव दोन पावलं पुढे सरकला. त्यानं चोरून बापाकडे पाहिलं. उकंडराव मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. असं दृश्य किसनरावनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते त्याला आवडलं. आपल्याला ते आवडलं म्हणून तो घाबरलाही.

"मी ध्यान देतो ताई," तो हळूच म्हणाला.

"द्यायलाच पाहिजे. हे वय नाजूक असतं."

दुसऱ्या दिवशी जेवताना किसनराव म्हणाला, "बाबा, सांजच्याले दिवेलागनीच्या आत घरी येत जा." बोलून झाल्यावर त्यानं ताटात डोकं घातलं. चापट काही आली नाही. उकंडरावांनी होकारादाखल नुसतं "हाव" म्हटलं. किसनरावची बायको हातातली भाकर परतायची विसरली.

इकडे बायांच्या वर्गात सिंधूताई वयात येणाऱ्या मुलांशी कसं वागावं ते शिकवत होत्या. त्यांच्यावर खेकसू नये. दूध द्यावं. समोर बसून मनातलं विचारावं. वच्छलाबाई मन लावून ऐकायच्या. त्यांच्या घरात तरुण म्हणून एकच होता. त्यांनी घरी येऊन भुकटीचं दूध कालवलं, पेला नवऱ्याच्या हातात दिला आणि समोर मांडी घातली.

"तुमच्या मनात काय चालू हाये?"

उकंडराव दचकले. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी बराच वेळ आत शोधून पाहिलं.

"ढवळी गाभन हाये का नाई, तेच," ते म्हणाले.

"आनखी?"

"आनखी काय?"

"जे असन ते. मी रागवत नाई," वच्छलाबाई मऊ आवाजात म्हणाल्या.

उकंडरावांनी पेला खाली ठेवला आणि तडक फकीर मोहम्मदचं घर गाठलं.

"फकिऱ्या, माह्या घरची बिमार हाये. खेकसतच नाई बे."

"माह्या घरीबी हेच चालू हाये," फकीर मोहम्मद म्हणाला. "अमीना मले पुसते, मोठं होऊन तुमाले काय व्हायचं हाये?"

"मंग तू काय सांगतलं?"

"बिजली का मिस्त्री."

"अन् खरंच व्हायचं हाये?"

फकीर मोहम्मद दाढी खाजवत राहिला. "सांगतल्यापासून वाटून राह्यलं," तो म्हणाला.

अशात पौष लागला आणि सिंधूताईंनी सहल जाहीर केली. तरुण मंडळ एसटीनं शेगावला जाणार, महाराजांचं दर्शन घेणार, धर्मशाळेत मुक्काम करणार. अट एकच, पालकानं सभेत उभं राहून 'हो' म्हणायचं. उकंडराव कापसाच्या गाड्या घेऊन खामगावपर्यंत कितीदा गेले होते, पण कापूस विकला की बैल फिरवून परत. शेगाव तिथून हाकेच्या अंतरावर, तरी नुसतं पाहायला म्हणून ते कुठंच गेले नव्हते. सभेत एकेकाचा मुलगा उठून 'हो' म्हणाला. किसनराव उठला.

"नाई," तो म्हणाला.

सिंधूताईंनी वहीतून मान वर केली.

"तुरी कापनीले आल्या. आन त्याईचं वागनं बराबर नाई. कामाले हात लावत नाईत. हात खिशातच ऱ्हातेत."

उकंडराव ताडकन उठले. "किसन्या! बाप कोन हाये बे इथं?"

"पालकांशी असं बोलू नये," सिंधूताई म्हणाल्या. "बसा."

आणि उकंडराव बसले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वच्छलाबाई किसनरावला म्हणाल्या, "लेकरू उपाशी हाये बापा." पण किसनराव हलला नाही. सकाळी पाहतो तर बाज रिकामी. फकीर मोहम्मदच्या घरून अमीना धावत आली, त्याचीही गादी रिकामी.

दोन तरुण घरातून पळून गेल्याचं गावभर झालं. विहिरींत डोकावून झालं. कडब्याच्या गंज्या उपसून झाल्या. सगळ्यांनी मिळून किसनरावला धारेवर धरलं. त्याच्या बापाच्या वयाची माणसं त्याला सांगू लागली, "इतकं दाबून ठेवलं तं पोट्टे पळूनच जातीन ना. थोडं सैल सोडा लागते." किसनराव तसाच अनवाणी धाडच्या रस्त्याला लागला. तिकडे बाजाराचा दिवस होता.

पळालेले दोघे धाडच्या एसटी थांब्यावर कडुलिंबाखाली बसले होते. खाकी चड्ड्या, डोक्याला पटके, मधे जिलबीचा पुडा. पळून येईपर्यंत सगळं जमलं होतं. पुढं कुठं जायचं यावर मात्र गाडी अडली होती.

"पोट्टे पळून कुठी जातेत?" उकंडरावांनी विचारलं होतं.

"मुंबईले."

"मुंबईत आपलं कोन हाये?"

"कोनीच नाई. म्हनूनच तं जातेत."

उकंडरावांना हे पटत नव्हतं. जिथं आपलं कोणी नाही तिथं जेवायचं कोणाकडे? म्हणून ते येणारी प्रत्येक एसटी नीट पाहत होते आणि सोडून देत होते.

किसनराव धापा टाकत आला. बाप जिवंत आहे म्हटल्यावर तो समोरच खाली बसला.

"घरी चला बाबा."

"येत नाई."

एक एसटी आली, माणसं उतरवून बुलढाण्याकडे गेली. फकीर मोहम्मदनं पुड्यावरची धूळ झटकली.

"नाई काऊन म्हनलास बे?" उकंडरावांनी विचारलं. "सगळ्याईच्या पोराईनं जाऊ देलं."

किसनरावनं एक काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "मी जिनात जाऊ का म्हनून तुमाले दर साली पुसत व्हतो. माह्या जोडीचे सगळे पोट्टे जायचे. तुमी दर साली नाई म्हनत व्हते. मंग माहं लगन झालं, मंग लेकरं झाले, मंग मी पुसनंच सोडलं." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "मले पाह्यचं व्हतं, नाई म्हनल्यावर तुमाले कसं वाटते."

उकंडरावांनी खिशातून हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले.

"बेकार वाटते," ते म्हणाले.

"हाव."

"पोटात खड्डा पडल्यासारखं."

"हाव. तसंच."

"मले वाटलं, तुले पुसायची सवय हाये. जायचं काई नसन तुह्या मनात."

फकीर मोहम्मद पुड्यातली शेवटची जिलबी धरून ताटकळला होता. तो म्हणाला, "देखो भाई, पोरगं रडून राह्यलं तं त्याले जिलबी द्यावं म्हनतो. पन तुमच्यातला पोरगा कोनता ते एक डाव ठरवा."

दोघांनी अर्धी-अर्धी खाल्ली.

तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडी भरधाव होती. धुरेवर, हाकणाऱ्याच्या जागी, वच्छलाबाई स्वतः होत्या, पदर खोचलेला, हातात बैल टोचायची तुतारी. मागे सिंधूताई गाडीच्या साट्याला घट्ट धरून बसल्या होत्या आणि त्यांचा एक बूट वाटेत पडला होता. गाडी थांबायच्या आत वच्छलाबाईंनी उडी मारली.

"ताई, तुमचा तो वर्ग गेला खड्ड्यात!" त्या ओरडल्या, आणि मग नवऱ्याकडे वळल्या. "लाज नाई वाटत या वयात? तिकडं लोकं हिरीत गळ टाकून राह्यले, आन तुमी इथं जिलबी खाऊन राह्यले? आन तू रे किसन्या, मोठा आला पालक! जलम देल्या बापाले नाई म्हनतोस?"

बाजार हातचं टाकून ऐकू लागला. किसनराव मान खाली घालून उभा राहिला. उकंडरावांच्या मात्र चेहऱ्यावर महिनाभरात आलं नव्हतं असं समाधान पसरलं. ते फकीर मोहम्मदच्या कानाशी लागले. "बरी झाली बे."

"आन शेगाव!" वच्छलाबाईंचा आवाज आणखी चढला. "शेगावाचं भांडन चालू हाये दोघाईचं. मले कोनी पुसलं? लगन होऊन आली तवापासून मी शेगाव म्हनून राह्यली. पह्यले सासू बिमार, मंग पेरनी, मंग बाळंतपनं, मंग याईचे बैल. मी काय म्हातारीच जलमली व्हती का?"

उकंडराव पुन्हा अंगठ्यानं जमीन उकरू लागले. वच्छलाबाई सिंधूताईंकडे वळल्या. "ताई, मले घ्या मंडळात."

"ते पुरुषांचं..." सिंधूताई म्हणाल्या आणि थांबल्या. खामगावला जाऊन विचारावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं असावं. मग त्यांनी आपल्या अनवाणी पायाकडे पाहिलं. "घेतलं," त्या म्हणाल्या. "पण तुमचे पालक?"

"हाव, हाव," किसनराव घाईघाईनं म्हणाला. "दोघाईलेबी हाव."

सहल ठरल्याप्रमाणे निघाली. पालक म्हणून किसनरावही आला, कारण पुन्हा कोणी पळालं तर नको. बोथ्याच्या घाटात सगळं तरुण मंडळ खिडकीतून ओकलं. वच्छलाबाई तेवढ्या ओकल्या नाहीत. त्या ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून प्रत्येक वळणाला "आता डाव्या अंगानं घे बापा" असं सांगत होत्या. शेगावला दर्शनाच्या रांगेत त्या सगळ्यांच्या पुढं होत्या. फकीर मोहम्मदनंही हात जोडले आणि बाहेर येऊन अमीनासाठी बांगड्या पसंत केल्या. संध्याकाळी सगळे स्टेशनवर जाऊन बसले. एक मेल न थांबता धडधडत गेली. वच्छलाबाईंनी उकंडरावांचा दंड धरला तो गाडी दिसेनाशी झाल्यावरही सोडला नाही, आणि उकंडरावही, चारचौघांत असूनसुद्धा, तसेच बसून राहिले.

परतीच्या वाटेवर एसटी खामगावच्या थांब्यावर उभी राहिली. जिनांच्या बाजूनं सरकीचा वास येत होता. उकंडराव किसनरावला म्हणाले, "उतर."

"पानी आनू का?"

"जिनात जायचं व्हतं ना तुले? उतर. गावचे पोट्टे हायेत तथी, त्याईच्यात ऱ्हाय."

"आता? बाबा, आता मी काय... लेकरं हायेत. तुरी उभ्या हायेत."

"तुरी मी कापतो. उतर म्हनतो ना, एसटी सुटन."

किसनराव आईकडे पाहत उतरला. हातात नुसती पिशवी होती, तीत प्रसादाच्या लाह्या. एसटी सुटली तेव्हा तो थांब्यावर तसाच उभा होता. नाही ऐकायची त्याला सवय होती, जा म्हटल्यावर काय करायचं ते त्याला येत नव्हतं.

बाकीचे गावात परतले, किसनराव परतला नाही. त्याच्या बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं दुसऱ्या दिवशी लेकरांचे कपडे बांधले, "मी मायेरी चालली" म्हणाली आणि गेली. अडवायचं कोणी, हे उकंडराव आणि वच्छलाबाईंना कळेना. घरात आता दोघं तरुणच उरले, पालक कोणी नव्हता.

तुरी मात्र फुटायला लागल्या होत्या. शेवटी तरुण मंडळानं कापल्या. सगळे खाकी चड्ड्यांत, हातात विळे. लेझमीच्या ठेक्यावर कापू म्हणून फकीर मोहम्मदनं हुकूम सोडला, त्यात एकाच्या बोटावर विळा बसला आणि ते बंद झालं. चौथाई शेंगा वावरातच उडाल्या. उकंडरावांनी आयुष्यात इतकी खराब कापणी पाहिली नव्हती. रागावायला समोर कोणी नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःलाच दोन-चार शिव्या दिल्या आणि कंबर धरून शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले. वच्छलाबाई पाण्याची चरवी घेऊन शेजारी टेकल्या.

"कंबर गेली वाटते," त्या म्हणाल्या.

"गेली."

"उद्या व्हॉलीबॉल?"

"पाहू," उकंडराव म्हणाले.

होळीच्या तोंडावर गावची पोरं जिनातून परतली. त्यांच्यात किसनराव होता. तो वाळला होता, खोकत होता, कानांत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले होते. बायकोही लेकरांना घेऊन त्याच दिवशी माहेराहून आली, कोणी बोलवायला गेलं नव्हतं तरी. तिनं त्याला ओसरीवर बसवलं आणि न बोलता त्याच्या केसांतला कापूस वेचायला घेतला. थोडा ओढूनच वेचत होती. लेकरं, आईबाप, फकीर मोहम्मद, सगळे भोवती बसले.

"कसं व्हतं बे?" उकंडरावांनी विचारलं.

"काई नाई बाबा. नुसती धूळ. कान फुटतेत आवाजानं. मुकादम जनावर हाये साला." किसनराव खोकला. मग त्याचे डोळे एकदम मोठे झाले आणि त्यानं दोन्ही हात पसरले. "पन ते मशीन! इतकं मोठं! एका अंगानं कापूस घातला ना, तं बाबा..."

आणि तो सांगत सुटला.